बी.एड., डी.एल.एड. झालं, आता नोकरीपर्यंतचा क्रम नीट लावा

पवित्र पोर्टलची (राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरतीची) फेरी संपली की त्याच तक्रारी पुन्हा ऐकू येतात. गुण चांगले आहेत, पण यादीत नाव नाही. नाव आहे, पण कागदपत्र पडताळणीत बाद झालो. संस्थेत दोन वर्षं शिकवतेय, पण अजून मान्यता आलेली नाही. यातली बहुतेक मुलं अभ्यासात कमी नसतात. त्यांनी योग्य गोष्टी चुकीच्या क्रमाने केलेल्या असतात, किंवा एखादी गोष्ट कुणाच्या तरी सांगण्यावरून गृहीत धरलेली असते. महाराष्ट्रात अध्यापनाची पदविका किंवा पदवी घेतल्यापासून वर्गात स्थिरावेपर्यंतचे टप्पे इथे ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने मांडले आहेत.

## टप्पा १ : तुम्ही कोणत्या वर्गांसाठी पात्र आहात ते आधी लिहून काढा

क्लास लावण्याआधी, अर्ज भरण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: तुमची पदवी (विषय आणि टक्केवारीसह), तुमची व्यावसायिक अर्हता, आणि त्यावर तुम्हाला चालणारे वर्ग. हा कागद झाला की पुढची निम्मी गडबड टळते.

पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि डी.एल.एड. (जुनं डी.एड.) लागतं. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डी.एल.एड., किंवा किमान ५० टक्के गुणांची पदवी आणि बी.एड. आरक्षित प्रवर्गांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

इथे सर्वांत जास्त लोक अडखळतात ते बी.एड. आणि पहिली ते पाचवीच्या बाबतीत. २०१८च्या एका अधिसूचनेने बी.एड.धारकांना प्राथमिकचं दार उघडलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. आता फक्त बी.एड. असलेल्या उमेदवाराला पहिली ते पाचवीच्या नव्या नेमणुकीचा हक्क नाही. तरीही 'होईल काहीतरी' म्हणून शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) पेपर १ची, म्हणजे पहिली ते पाचवीच्या पेपरची, फी भरणारे दरवर्षी भेटतात. ते पैसे आणि ते महिने सहावी ते आठवीच्या पेपर २साठी वापरा.

दुसरा मुद्दा विषयाचा. सहावी ते आठवीच्या जागा साधारण भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र अशा गटांत येतात. नववीपुढे पदवीचा मुख्य विषय पाहिला जातो. बी.एड.ला तुमची अध्यापन पद्धती गणिताची होती आणि पदवी भूगोलाची असेल, तर गणिताच्या जागेवर हक्क सांगता येत नाही. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनी तर जाहिरातीतलं विषयकोष्टक बारकाईने वाचल्याशिवाय काहीच ठरवू नये.

तपासा: तुमचं अध्यापक महाविद्यालय तुमच्या प्रवेशाच्या वर्षी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या मान्यतेखाली होतं का? मान्यता आदेशाची प्रत महाविद्यालयातून आत्ताच मागून घ्या. परराज्यातून दूरस्थ पद्धतीने पदवी घेतली असेल तर ही प्रत मिळाल्याशिवाय पुढे जाऊच नका.

## टप्पा २ : कागदांची फाइल परीक्षेच्या आधी

परीक्षा झाल्यावर कागद गोळा करायचे हा समज महागात पडतो. पोर्टलवर भरलेली प्रत्येक माहिती पडताळणीच्या टेबलावर मूळ कागदाशी ताडून बघतात. तिथे बसलेल्या कर्मचाऱ्याला तुमचे गुण दिसत नसतात, तारखा आणि नावं दिसत असतात.

फाइलमध्ये हे असू द्या: दहावी-बारावीची गुणपत्रकं व प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीच्या सगळ्या वर्षांची गुणपत्रकं, व्यावसायिक अर्हतेची गुणपत्रकं व प्रमाणपत्र, टीईटी किंवा सीटीईटीचं (केंद्राच्या अशाच पात्रता परीक्षेचं) प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी किंवा समकक्ष संगणक प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर जातीचं, जात वैधतेचं, नॉन-क्रिमीलेयरचं, ईडब्ल्यूएसचं, दिव्यांगत्वाचं, प्रकल्पग्रस्त किंवा भूकंपग्रस्त असल्याचं प्रमाणपत्र.

यातल्या चार ठिकाणी नेहमी घोळ होतो.

नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'वैशाली', आधारवर 'वैशालि', लग्नानंतरच्या पदवीवर सासरचं आडनाव. अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरा आणि फरक असेल तिथे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी जोडा. आधारमधली दुरुस्ती ही सगळ्यात सोपी, ती आधी करून टाका.

मुदत. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते आणि ईडब्ल्यूएस एकाच आर्थिक वर्षापुरतं असतं. जाहिरातीत दिलेल्या तारखेला ते चालू असायला हवं. 'अर्ज भरताना होतं' किंवा 'आता नवीन काढलंय' ही दोन्ही उत्तरं टेबलावर चालत नाहीत.

जात वैधता. पडताळणी समितीकडे वंशावळ किंवा जुना महसुली पुरावा अडला की महिने निघून जातात. भरतीची वाट न बघता अर्ज करा. विवाहित महिलांना जातीचे पुरावे माहेरचेच लागतात, त्यामुळे वडिलांचे, काकांचे, आजोबांचे शाळेचे दाखले आत्ताच शोधायला लागा.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. शासकीय सेवेसाठी ते द्यावंच लागतं. २८ मार्च २००६नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनाहून जास्त झाली असेल, तर माणूस अपात्र ठरतो. हे लपवून मिळालेली नोकरी कधीही जाऊ शकते.

सावधान: मूळ कागद लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूचे शिक्के वाचता येत नाहीत आणि काही कार्यालयं असे कागद परत पाठवतात.

## टप्पा ३ : टीईटी किंवा सीटीईटी

पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणं बंधनकारक आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २३ ऑगस्ट २०१०च्या अधिसूचनेपासून ही अट आहे. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे, पण त्या आशेवर परीक्षा टाळणं शहाणपणाचं नाही.

पेपर १५० गुणांचा, १५० प्रश्न, अडीच तास, नकारात्मक गुण नाहीत. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. राज्याच्या टीईटीत राखीव प्रवर्गांना ५५ टक्क्यांची मर्यादा आहे. पेपर १मध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण. पेपर २मध्ये बालमानसशास्त्र आणि दोन भाषा यांचे ९०, आणि उरलेले ६० गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे. या ६० गुणांचा गट निवडताना टप्पा १चा कागद समोर ठेवा. विज्ञानाच्या पदवीधराने सोपं वाटलं म्हणून सामाजिक शास्त्र घेतलं, तर गणित-विज्ञानाच्या जागेसाठी ते प्रमाणपत्र कामाला येत नाही.

पदवी आणि डी.एल.एड. दोन्ही असणाऱ्यांनी शक्य असेल तर दोन्ही पेपर द्यावेत. त्यांच्यासाठी पहिली ते आठवीच्या सगळ्या जागा खुल्या होतात.

सीटीईटीचं प्रमाणपत्र राज्याच्या भरतीत चालतं आणि केंद्रीय शाळांतही उपयोगी पडतं. पण तिथे मराठी फक्त भाषेच्या विभागात मिळते. गणित, विज्ञान, बालमानसशास्त्राचे प्रश्न इंग्रजी-हिंदीत असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी या संज्ञा आधी इंग्रजीतून ओळखीच्या करून घ्याव्यात.

प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य आहे, २०११पासूनच्या प्रमाणपत्रांनाही. या परीक्षेचे गुण पुढच्या गुणवत्ता यादीत मोजले जात नाहीत. एकदा पास झालात की गुण वाढवायला पुन्हा बसू नका, तो वेळ टप्पा ४ला द्या.

सावधान: 'गुण वाढवून देतो' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. २०१९-२०च्या टीईटीतल्या गैरव्यवहारात सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. नेमणूक मिळालेलेही त्यातून सुटले नाहीत.

## टप्पा ४ : टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी

टीईटी आणि टेट यांत गल्लत करू नका. पहिलीने पात्रता मिळते, दुसरीच्या गुणांवर निवड होते. नववी ते बारावीसाठी टीईटी लागत नाही, पण पवित्र पोर्टलमधून जायचं तर टेट सगळ्यांनाच लागते.

टेट ऑनलाइन होते: २०० प्रश्न, २०० गुण, १२० मिनिटं. त्यातले १२० प्रश्न अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. हिशेब करा, एका प्रश्नाला ३६ सेकंद येतात. माझ्या मते या परीक्षेच्या तयारीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे ती अभ्यासक्रमाची परीक्षा समजून वाचत बसणं. पुस्तकं वाचून समसंबंध आणि क्रमश्रेणी कळतात, पण हात चालत नाही. रोज घड्याळ लावून, संगणकावर, सलग दोन तास सोडवण्याची सवय लागते. मोबाइलवर पडून केलेला सराव परीक्षाकेंद्रातल्या माऊससमोर टिकत नाही.

नकारात्मक गुण नाहीत, म्हणजे कोरा सोडलेला प्रत्येक प्रश्न हातचा घालवलेला. शेवटची पाच मिनिटं राहिलेले प्रश्न भरायला राखून ठेवा. व्यक्तिमत्त्व आणि समायोजनाचे प्रश्न वेगळ्या नजरेने सोडवा. तिथे 'आदर्श' वाटणारं उत्तर शोधण्यापेक्षा वर्गातल्या मुलाचं नुकसान कशात होणार नाही ते पाहिलं की योग्य पर्याय सापडतो.

ही परीक्षा दरवर्षी होत नाही. २०१७, २०२३ आणि २०२५ अशी ती झाली. त्यामुळे 'या वेळी अनुभव म्हणून देतो' हा विचार डोक्यातून काढा. २०२५ला अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसता आलं, मात्र व्यावसायिक अर्हतेचा निकाल लागल्यावर त्याची माहिती ठरल्या मुदतीत परीक्षा परिषदेकडे नोंदवायची होती. अशी सवलत घेतलीत तर ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

## टप्पा ५ : पोर्टलवरचं स्वप्रमाणपत्र

टेटचा निकाल लागला की पवित्र पोर्टलवर माहिती भरून ती स्वतः प्रमाणित करायची असते. इथे घाई करू नका आणि हे काम सायबर कॅफेवाल्याच्या हातात देऊ नका. पासवर्ड आणि ओटीपी तुमच्याकडेच राहायला हवा.

गुण भरताना गुणपत्रक समोर ठेवून मिळालेले आणि एकूण गुण तपासा. श्रेणी किंवा सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र घ्या, अंदाजाने टक्के लिहू नका. शिक्षणाचं माध्यम भरताना कागदावर जे आहे तेच लिहा. समांतर आरक्षणाच्या (महिला, माजी सैनिक, खेळाडू वगैरे) रकान्यात प्रमाणपत्र हातात असेल तरच 'होय' म्हणा. अर्ज केलाय, येईल, यावर 'होय' केलं आणि त्याच जागेवर शिफारस झाली, तर पडताळणीत तीही जागा जाते.

प्रमाणित करण्याआधी अर्जाची छापील प्रत काढून दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. आपल्या डोळ्यांना आपलीच चूक दिसत नाही. एकदा प्रमाणित झालं की बदल तुमच्या सोयीने होत नाही.

## टप्पा ६ : प्राधान्यक्रम

हा टप्पा मी थोडा लांबवतो, कारण इथे घेतलेला अर्ध्या तासाचा निर्णय पुढची अनेक वर्षं बांधून ठेवतो.

पोर्टल तुमच्या पात्रतेनुसार पर्यायांची यादी दाखवतं: जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका, खासगी संस्था. मुलाखतीशिवायच्या आणि मुलाखतीसह अशा दोन प्रकारच्या जागा असतात. तुम्ही क्रम लावायचा आणि तो लॉक करायचा. लॉक न केलेला क्रम विचारात घेतला जात नाही. मुदतीच्या शेवटच्या रात्री सर्व्हर मंद होतो, तेव्हा एक दिवस आधी लॉक करा आणि प्रत जतन करा.

क्रम लावताना होणारी मोठी चूक अशी. सांगलीच्या एखाद्या उमेदवाराला सांगली हवी आहे, पण तिथे जागा कमी आहेत. मग तो विचार करतो, जिथे जागा जास्त आहेत ती पालघर पहिली ठेवू, म्हणजे शक्यता वाढेल. प्रत्यक्षात पोर्टल गुणवत्तेच्या क्रमाने एकेका उमेदवाराकडे येतं, त्याचा पहिला पर्याय बघतं, तिथे जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा. सांगली पहिली ठेवल्याने पालघरची शक्यता जराही कमी होत नाही. पण पालघर पहिली ठेवली आणि ती मिळाली, तर सांगलीचा विचारच होत नाही, मग सांगलीत जागा शिल्लक असली तरी. म्हणून क्रम मनापासूनच्या पसंतीने लावा, शक्यतेच्या अंदाजाने नको.

दुसरी चूक उलटी. जिथे रुजू व्हायची तयारीच नाही असे पर्याय शेवटी टाकून ठेवायचे. शिफारस झाली आणि गेलात नाहीत, तर एक जागा वाया जाते आणि तुमचीही फेरी हातची जाते. यादीत तेवढीच ठिकाणं ठेवा जिथे तुम्ही खरोखर बिऱ्हाड हलवाल.

जिल्हा परिषदेचा शिक्षक त्या जिल्ह्याचा असतो. जिल्ह्यांतर्गत बदली होते, पण आंतरजिल्हा बदलीला सेवेची वर्षं आणि रिक्त जागा दोन्ही लागतात, आणि नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळापासून सुरू होते. 'आधी लागू, मग गावाकडे येऊ' हे बेत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. महापालिकेत बदली शहराच्या हद्दीतच.

तपासा: लॉक करण्याआधी यादीतला प्रत्येक पर्याय वाचून स्वतःला विचारा: उद्या इथला आदेश आला तर मी जाईन का? एकाही ओळीवर थबकलात तर ती ओळ काढा.

## टप्पा ७ : मुलाखत आणि प्रत्यक्ष पाठ

मुलाखतीसह जागांसाठी एका पदामागे अनेक उमेदवार संस्थेकडे जातात. तिथे पाठ घ्यायला सांगतात. बहुतेक जण बी.एड.च्या सरावपाठासारखा पाठ घेतात: उद्देश, प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, गृहपाठ. परीक्षकाला ते शंभरदा दिसलेलं असतं. त्याला बघायचं असतं की समोरच्या मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर तुम्ही काय करता.

एक उदाहरण घ्या. तिसरीत वजाबाकी: ५२ वजा ३८. एक मूल उत्तर लिहितं २६. 'चूक' म्हणून तुम्ही खडूने १४ लिहिलंत तर संधी गेली. थांबून विचारा, 'हे कसं काढलंस?' मूल सांगेल, '८ मधून २ गेले ६, ५ मधून ३ गेले २.' म्हणजे त्याला वजाबाकी येते, पण २ मधून ८ जात नाहीत म्हणून त्याने मोठ्यातून लहान काढलं. आता काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि ३८ काढायला सांगा. एक गठ्ठा सोडावा लागतो हे त्याच्या हाताला कळेल. मग तेच फळ्यावर. दहा मिनिटांच्या पाठात इतकंच दाखवलंत तरी पुरे.

मुलाखतीत 'तुम्ही का शिक्षक झालात' यापेक्षा 'वर्गात पाच मुलांना वाचता येत नसेल तर पहिल्या महिन्यात काय कराल' याची तयारी करा. उत्तर ठोस असू द्या.

## टप्पा ८ : खासगी संस्थेत जाण्याआधी

अनुदानित पदावरची भरती पवित्र पोर्टलमधूनच होते. त्यामुळे 'संस्थेत जागा आहे, इतके लाख द्या, मान्यता आम्ही आणतो' असं कुणी म्हणालं, तर ते पद अनुदानित असणार नाही, किंवा मान्यता मिळणार नाही, किंवा मिळाली तरी चौकशीत अडकेल. कर्ज काढून, जमीन विकून असे पैसे दिलेली घरं मराठवाड्यापासून विदर्भापर्यंत आहेत. ते पैसे परत मागायलाही कुठे जाता येत नाही, कारण पावतीच नसते.

अशा संस्थेत बोलणी करण्याआधी हे विचारा आणि कागद बघा: पद अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित? चालू वर्षाच्या संचमान्यतेत (शाळेला मंजूर पदांच्या तक्त्यात) हे पद दिसतं का? बिंदुनामावलीत (पदवार आरक्षणाच्या तक्त्यात) ते कोणत्या प्रवर्गासाठी आहे? रुजू झाल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (शासनाच्या ऑनलाइन पगारप्रणालीतला क्रमांक) हे दोन्ही लागतात. यातलं काही नसताना 'हजेरीपटावर सही करा, पगार सुरू होईल' यावर वर्षं घालवू नका.

स्वयंअर्थसहाय्यित आणि इतर मंडळांच्या शाळा थेट भरती करतात. अनुभव घ्यायला त्या चांगल्या असतात, फक्त नियुक्तीपत्र लेखी घ्या आणि पगार बँक खात्यावर घ्या.

सावधान: मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडे ठेवायला देऊ नका. दाखवा, साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद घरी आणा.

कायम पदावरून अन्यायाने काढलं, तर १९७७च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते, पण अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. संस्थाचालकांशी तोंडी समेटाच्या गोष्टी करत ती घालवू नका.

## टप्पा ९ : रुजू होताना

आदेशातल्या मुदतीत हजर व्हा. मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्याआधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि चारित्र्य पडताळणी लागते.

रुजू अहवालावर तारीख आणि सकाळ की दुपार हे लिहून मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्या, एक प्रत स्वतःजवळ. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर असतात. जानेवारी २०२३पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहेत. लांबच्या जिल्ह्यात खोली भाड्याने घ्यायची असेल तर पहिलं मानधन यायला लागणारा वेळ धरून काही महिन्यांची सोय करून निघा.

## टप्पा १० : वर्गातले पहिले महिने

पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तकाचं पान १ उघडू नका. प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक परिच्छेद वाचायला द्या, पाच ओळी लिहायला सांगा, चार उदाहरणं द्या. वहीत नावापुढे नेमकं लिहा: 'जोडाक्षरांना अडतो', 'शून्य असलेली वजाबाकी चुकते'. 'कच्चा' असं लिहिलंत तर त्यावरून उद्या काय शिकवायचं ते कळत नाही. चौथीच्या वर्गातही शब्द जुळवून वाचणारी मुलं सापडतील. त्यांच्यासाठी रोजची वीस मिनिटं वेळापत्रकातच ठेवा, 'वेळ मिळेल तेव्हा' कधीच मिळत नाही.

वार्षिक नियोजन आधीच करून ठेवा आणि टाचण (रोजच्या पाठाचं लेखी नियोजन) आदल्या दिवशी लिहा. तपासणीच्या आदल्या रात्री महिन्याभराचं टाचण उतरवून काढणाऱ्यांचा वर्गही तसाच चालतो. टाचणाखाली दोन ओळी मोकळ्या सोडून शाळा सुटल्यावर लिहा: आज कोणाला कळलं नाही, उद्या काय बदलायचं. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी याच वहीतून तयार होतात, मार्चमध्ये आठवून लिहाव्या लागत नाहीत.

मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंद आहे. वर्ग आवरत नाही असं वाटलं की नवे शिक्षक आवाज चढवतात. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात दोन सवयी लावा: लक्ष वेधायची एक ठरलेली खूण, आणि काम लवकर संपवणाऱ्यांनी काय करायचं ते. गोंधळ बहुतेक वेळा रिकाम्या हातांमुळेच होतो.

एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका आली किंवा त्याने स्वतः सांगितलं, तर ते पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव जाईल' म्हणून मिटवायला कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि त्याला पुन्हा पुन्हा विचारू नका.

केंद्रातल्या ज्येष्ठ शिक्षकांशी ओळख करून घ्या, त्यांचा वर्ग बघायला परवानगी मागा. आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं यांची कामं येतीलच. त्यांच्यासाठी वेळ ठरवा आणि शिकवायच्या तासातून तो काढू नका.

शिक्षण सेवक कालावधी संपण्याआधी दोन-तीन महिने फाइल पुन्हा उघडा. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, प्रत्येक वर्षाचा गोपनीय अहवाल, घेतलेल्या रजांची नोंद आणि जात वैधता प्रमाणपत्र एकत्र लावा आणि नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांकडे लेखी मागा. पोच घेतलेली प्रत घरच्या फाइलमध्ये ठेवा आणि प्रस्ताव पुढच्या कार्यालयात गेला का ते जावक क्रमांकावरून पाहत राहा.